यादीत न लिहिलेलं नाव

"त्या चौकोनात काय लिहिणार आहेस, आई?"

तनयानं हे विचारलं ते अगदी सहज, मीठ इकडे सरकव म्हणावं तसं. पण सुप्रभाच्या हातातलं पेन कागदावर टेकलं ते तिथंच थांबलं... जेवणाच्या टेबलावर, आमटीच्या भांड्याशेजारी, चर्चमधून आलेला तो फॉर्म पसरलेला होता. पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या मंडळीत, लहान मुलांबरोबर काम करायचं तर प्रत्येक स्वयंसेवकाची आता पोलीस-दप्तरात चौकशी व्हायची. सगळे तिला नुसतं सीआरबी म्हणायचे. तिच्या फॉर्मवर एक चौकोन होता: तुम्हाला आजवर कोणत्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली आहे का?

"जे आहे ते लिहीन," सुप्रभा खाली बघत म्हणाली.

"म्हणजे काय, ट्रॅफिक ऑफेन्स? आई, माझा भाऊ गेला त्याच्यात, समर गेला. तुला ते दोन शब्दात बसवता येईल, मला नाही येत."

टेबलाखाली रंगीत पेन्सिली घेऊन बसलेल्या सहा वर्षांच्या अक्षरानं डोकं वर काढलं. "आजी, तू जुनियर चर्चमध्ये माझी टीचर होणार ना? व्हिकर म्हणाली, दे आर शॉर्ट ऑफ हेल्पर्स."

"नाही होणार," तनयाच म्हणाली. "पॅरिशला चालेल कदाचित. मला नाही चालणार. हा डिसिजन माझा आहे. आई, मी इथे बाबांसाठी आलेय. अक्षराला तू एकटीनं कुठे न्यायचं नाही, रस्ता क्रॉस करायलासुद्धा नाही, हे आपलं ठरलंय. प्लीज, परत बोलायला नको लावूस."

टेबलाच्या टोकाशी डॉक्टर शशिधर रणनवरे बसला होता. एके काळी अख्खं खानावळीचं ताट रिकामं करणारा तो माणूस आता वाटीभर सूप अर्धा तास पुढे घेऊन बसायचा. स्वादुपिंडाच्या कर्करोगानं त्याला दोन महिन्यांत पार वाळवून टाकलं होतं. त्यानं चमचा खाली ठेवला, बायकोकडे पाहिलं, आणि मग नेहमीसारखं खिडकीबाहेर पाहिलं. सुप्रभानं फॉर्मची घडी घातली आणि उठून आमटी गरम करायला ठेवली. आमटी गरमच होती.

२००६ सालच्या ऑक्टोबरातली ही गोष्ट. बेसिंगस्टोकच्या एका बाजूला ऑफिसांच्या काचेच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला सेंट ऑल्डहेल्मचं जुनं दगडी चर्च, आणि मध्ये रणनवऱ्यांचं घर. रणनवरे मूळचे नगरचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. तिथं चर्चला देऊळ म्हणतात आणि देवळात कुणी आपण होऊन कामाला हात लावला तर त्याचं कुणाला नवल वाटत नाही. इंग्लंडात मात्र आपण होऊन काही करायचं तरी आधी यादीत नाव लागतं. सेंट ऑल्डहेल्मच्या पॅरिशमध्ये देवाच्या खालोखाल मान होता तो रोट्याला, म्हणजे कामाच्या पाळ्यांच्या यादीला. फुलांचा रोटा, उपासनेनंतरच्या कॉफीचा रोटा, शास्त्रपाठ वाचणाऱ्यांचा, दाराशी उभं राहून भजनाची पुस्तकं हातात देणाऱ्यांचा... आणि मिसेस पॉलीन हॉज नावाच्या बाई हे सगळे कागद फळ्यावर अशा काही निगुतीनं टाचत, की गेली सोळा वर्षं एक टाचणी वाकडी गेली नव्हती.

त्यातल्या पाच कागदांवर डॉक्टर शशिधरचं नाव होतं. चर्चचा कारभार पाहणारा वॉर्डन तो, सार्वजनिक प्रार्थना चालवणारा तो, आणि प्रभुभोजनाच्या वेळी वाइनचा पेला हातात घेऊन रांगेतल्या एकेकाच्या ओठांना लावणाराही तोच. इतकी वर्षं त्यानं तो पेला शेकडो लोकांना दिला, स्वतः मात्र कधी घोट घेतला नाही. नुसती भाकर घ्यायचा आणि हात जोडायचा. तनयाला वाटायचं, बाबा किती संयमी. पॅरिशला वाटायचं, डॉक्टर आहेत, जंतूंचा विचार करत असतील.

सुप्रभाचं नाव एकाच कागदावर होतं, आणि त्या कागदावर दुसरं कुणाचं नव्हतंच. वेदीवरची वस्त्रं ती धुवायची. पेला पुसायचे छोटे पांढरे रुमाल दर सोमवारी एका पिशवीतून घरी यायचे, वाइनचे आणि लिपस्टिकचे डाग घेऊन. त्या धुण्याचा एक नियम होता, तो जुन्या व्हिकरनं, तिथल्या धर्मगुरूनं, तिला पहिल्या दिवशी सांगितला होता: पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही. त्यात प्रभूच्या रक्ताचा अंश, ते मातीला द्यायचं. सुप्रभाला तो नियम सांगताक्षणी कळला. सोळा वर्षं ती ते गुलाबी पाणी मागच्या अंगणातल्या गुलाबाच्या मुळाशी ओतत आली होती. पुढे उभं राहायचं काम तिनं कधी मागितलं नाही. कुणी आग्रह केलाच तर म्हणायची, "मला मागचंच बरं."

लोक म्हणायचे, डॉक्टरांची बायको फार भिडस्त.

आणि दर वर्षी ऑक्टोबर सरताना चर्चच्या मागच्या टेबलावर आणखी एक कागद यायचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, दुपारी चारला, मृतांच्या स्मरणाची उपासना व्हायची. ज्याला जे माणूस आठवायचं असेल त्याचं नाव त्यानं स्वतःच्या हातानं त्या यादीत लिहायचं, आणि उपासनेत ती सगळी नावं मोठ्यानं वाचली जायची. या गावी आल्यावर पहिल्याच वर्षी, १९९० साली, सुप्रभा पेन घेऊन त्या टेबलाशी वाकली होती. तेव्हा चौदा वर्षांची तनया मागून आली आणि तिनं आईच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"तू नाही लिहायचं त्याचं नाव," ती म्हणाली होती. "तू नाही."

त्या दिवसापासून समरचं नाव तनया लिहायची. लग्न होऊन मेडनहेडला गेली तरी तेवढ्यासाठी यायची, नाव लिहायची, बाबांना मिठी मारायची आणि जायची. सुप्रभा लांबून बघायची... ज्या लेकराला नऊ महिने वाहिलं, त्याचं नाव लिहायचीही चोरी. तिनं कधी तक्रार केली नाही. तक्रार करायची तर कुणाकडे?

शुक्रवारी दुपारी अक्षराला घेऊन तनया दुकानात गेली होती. सुप्रभा स्वयंपाकघरात परातीत रुमाल भिजवत होती. शशिधर भिंतीला धरत धरत आला आणि खुर्चीवर टेकला.

"सुप्रभा," तो म्हणाला, "मी सांगू का आता तिला?"

तिनं पाण्यातले हात काढले नाहीत. "काय सांगणार?"

"काय ते तुला माहीत आहे."

हो, तिला माहीत होतं. जगात दोघांनाच माहीत होतं. १९८९ चा डिसेंबर, तेव्हा ते लंडनमध्ये, ईलिंगला राहत. शशिधरच्या वरिष्ठ डॉक्टरांच्या घरी नाताळची पार्टी होती. तनया मैत्रिणीकडे राहायला गेली होती. समर त्यांच्याबरोबर होता, नवी लाल टोपी घालून. निघताना सुप्रभा म्हणाली होती, अहो, आपण टॅक्सी करू. शशिधर हसला होता, म्हणाला होता, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे. त्या दहा मिनिटांत ओल्या वळणावर गाडी घसरली आणि दिव्याच्या खांबाला मागच्या बाजूनं आदळली, जिथं समर बसला होता. पोलीस आले तेव्हा दोघंही गाडीबाहेर होते, रस्त्यावर, मांडीवर समरला घेऊन. पोलिसानं विचारलं, गाडी कोण चालवत होतं? शशिधरनं तोंड उघडलं... त्याच्या तोंडाला व्हिस्कीचा वास येत होता... आणि त्याच्या आधी सुप्रभा म्हणाली, "मी."

तिनं ते का म्हटलं, हे तिनं स्वतःला हजारदा विचारलं होतं. डॉक्टरकी गेली असती. तुरुंग झाला असता. नगरला त्याची म्हातारी आई, दोन बहिणी त्याच्या पगारावर होत्या. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी यातलं काही तिच्या मनात आलं नव्हतं. एवढंच आलं होतं की मुलगा तर गेला, आता तनयासाठी आमच्यातलं एक जण तरी धड उरायला हवं, आणि जे धड उरायचं ते त्यानंच, कारण तनया बापावर जीव टाकते. पोलिसानं पुढे केलेल्या नळीत तिनं फुंकलं. तिच्या पोटात संत्र्याच्या रसाखेरीज काही नव्हतं. कोर्टात ती उभी राहिली, बेदरकारपणे गाडी चालवल्याचा गुन्हा तिनं कबूल केला, शिक्षा झाली ती सस्पेंडेड म्हणून तुरुंग तेवढा टळला. आणि घरी तेरा वर्षांची पोर तिला म्हणाली, "तुला नीट रिव्हर्स घेता येत नाही, तू बसलीसच का स्टिअरिंगवर?"

शशिधर शेजारीच उभा होता. तो गप्प राहिला. त्या दिवशी गप्प राहिला, दुसऱ्या दिवशी राहिला, आणि गप्प राहण्याचं असं असतं की पहिला दिवस गेला की पुढचे दिवस आपोआप जातात. दारू मात्र त्यानं त्या दिवसापासून कधी ओठांना लावली नाही, प्रभूच्या पेल्यातलीसुद्धा.

"माझ्याकडे महिना आहे," शशिधर म्हणत होता. "फार तर दीड. हे घेऊन मी वर कोणत्या तोंडानं जाऊ?"

"तुम्ही मला वचन दिलंय," सुप्रभा म्हणाली. शपथ वाहू नका असं पवित्र शास्त्र सांगतं, तरी तिनं त्याला समरची शपथ घातली होती. "तिच्या लेखी तिची आई त्या दिवशीच गेली, ती काही परत यायची नाही. आता जाताना तिचा बापही घेऊन जाणार का तुम्ही? तुमच्या मागं त्या पोरीला आठवायला काय उरेल?"

"तू उरशील."

"मला नको आहे," सुप्रभा म्हणाली, आणि हे धादांत खोटं होतं. तिला दुसरं काहीच नको होतं. तिनं परात उचलली आणि मागचं दार उघडून ती गुलाबाकडे गेली. पाणी ओतून झालं तरी ती पुष्कळ वेळ तिथंच थंडीत उभी राहिली, कारण रडून लाल झालेले डोळे घेऊन आत जायची सोय नव्हती.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी चर्च भरलं होतं. प्रार्थनेच्या रोट्यावर नाव होतं डॉक्टर रणनवऱ्यांचं. व्हिकर जिलियननं त्याला दोनदा विचारलं, जमेल ना? तो म्हणाला, ही एवढी एकदा मलाच वाचू द्या. सुप्रभा नेहमीच्या जागी, सगळ्यात मागच्या बाकावर, खांबाच्या आड बसली. तनया आणि अक्षरा पुढून तिसऱ्या बाकावर होत्या.

शशिधर काठीच्या आधारानं पुढे गेला. कोट त्याच्या अंगावर लोंबत होता. त्यानं यादी हातात घेतली आणि लोकांनी लिहिली होती त्या क्रमानं एकेक नाव वाचू लागला. प्रत्येक नावानंतर थोडं थांबायचा. चाळीस-पन्नास नावं. कुणाची आई, कुणाचा नवरा, कुणाचं जन्मून दोन दिवस जगलेलं बाळ. शेवटचं नाव तनयाच्या अक्षरात होतं.

"समर रणनवरे," त्यानं वाचलं.

आणि त्यानं चष्मा काढला. कागद खाली ठेवला. दोन्ही हातांनी पुढचं लाकूड धरलं, आणि प्रार्थनेच्या त्याच संथ सुरात तो बोलायला लागला... मराठीत.

"तनया. गाडी मी चालवत होतो."

सुप्रभा बाकावरून अर्धी उठली. आजूबाजूला सगळ्या माना आदरानं खाली झुकलेल्या होत्या. डॉक्टर आपल्या मातृभाषेत प्रार्थना करताहेत, एवढंच त्या भल्या लोकांना कळत होतं. अख्ख्या चर्चमध्ये ते शब्द कळणारी माणसं दोनच होती, आणि एक समजेल-न समजेल असं लेकरू.

"मी प्यायलो होतो. तुझी आई म्हणाली टॅक्सी करू, मी ऐकलं नाही. पोलीस आला तेव्हा ती म्हणाली, मी चालवत होते. मी तिथंच होतो आणि मी काही बोललो नाही. कोर्टात बोललो नाही. तू तिला नाही नाही ते बोलत होतीस तेव्हाही बोललो नाही. तुझं प्रेम मला सोडवेना, म्हणून तिच्या वाट्याचंसुद्धा मी खाल्लं. तिनं मला शपथ घातली होती, ती मी आज मोडतोय. तुझ्याकडे मी क्षमा मागत नाही, बाळा. तुझी आई तुझी तुला परत करतोय, तेवढीच माझ्याजवळ होती." त्याचा श्वास संपला. त्यानं चष्मा पुन्हा चढवला, आणि सोळा वर्षांची सवय होती तसं प्रार्थनेचं शेवटचं वाक्य म्हणाला, "लॉर्ड, इन युअर मर्सी..."

"हिअर अवर प्रेयर," अख्खं चर्च एका आवाजात म्हणालं.

तनया म्हणाली नाही. ती उठली, अक्षराला तिथंच बाकावर सोडून मधल्या वाटेनं सरळ चालत गेली. दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज झाला. उपासना पुढे चालू राहिली. सुप्रभा उठून तिसऱ्या बाकापर्यंत गेली, आणि अक्षरापासून हातभर अंतर राखून बसली; हात धरायची परवानगी नव्हती तिला. अक्षरानं सरकून तिच्या कोटात तोंड लपवलं.

नंतर कॉफीच्या टेबलाशी मिसेस हॉजनं सुप्रभाचा दंड थोपटला. "सच अ ब्यूटिफुल प्रेयर, माय डिअर. तुमच्याकडचं स्तोत्र का?" सुप्रभा हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

शशिधरला व्हिकर घरी सोडायला निघाली. अक्षराही त्यांच्याबरोबर गेली. सुप्रभाला अजून वेदीची वस्त्रं काढायची होती. काम आपलं होतं आणि ते करायला दुसरं कुणी नव्हतं. चर्चच्या मागच्या लहानशा खोलीत तिनं नळ सोडला, वाडग्यात पाणी घेतलं आणि रुमाल त्यात घातला.

दारात तनया उभी होती. डोळे सुजलेले, केस वाऱ्यानं विस्कटलेले.

"खरं आहे?" तिनं विचारलं.

सुप्रभानं होकाराची मान हलवली.

"सतरा वर्षं." तनया म्हणाली. "माझ्या लग्नात मी तुला फोटोमध्ये शेवटी उभी केली. अक्षरा झाली तेव्हा तू चार तास कॉरिडॉरमध्ये बसली होतीस आणि मी नर्सला सांगितलं, तिला आत नको सोडू. आई, आय डिड दॅट. तू का गप्प बसलीस? का?"

"तुला बाप राहावा म्हणून."

"मला कुणी विचारलं?" ती भिंतीला टेकली. "मला आई नको, बाबा हवेत, हे तू ठरवलंस. मी तेरा वर्षांची होते, माझा भाऊ मेला होता, मला आई पाहिजे होती. आणि तू ती देऊन टाकलीस. माझी वस्तू होती ती. यू गेव्ह हर अवे."

सुप्रभानं आजवर पुष्कळ बोलणी ऐकली होती, आणि दर वेळी तिच्या मनाशी एक चोरटा दिलासा असे, की हे माझ्या वाट्याचं नाही. हे मात्र तिच्याच वाट्याचं होतं. आपण त्याग केला म्हणून ती इतकी वर्षं मनातल्या मनात ताठ उभी होती. त्या त्यागात लेकीचंही काही जात होतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. चुकलं, बाळा."

तनया पुढे झाली, आणि काय करावं न सुचून तिनं आपले दोन्ही हात त्या वाडग्यातल्या पाण्यात घातले, आईच्या हातांवर. कितीतरी वेळानं तनयानं वाडगं उचललं आणि ती मोरीकडे वळली.

"तिथं नको," सुप्रभा म्हणाली. "पहिलं पाणी मातीला द्यायचं असतं."

तनयानं वाडगं दोन्ही हातांनी धरून बाहेर नेलं आणि चर्चच्या भिंतीशी, गवतात ओतलं.

इथं गोष्ट संपती तर बरं झालं असतं. पण माणसाचं मन एका दुपारी फिरत नाही, आणि फिरलं तरी सगळ्यांसाठी एकदम फिरत नाही. तनयानं त्याच दिवशी बॅग भरली आणि बापाच्या खोलीत पाऊल न टाकता ती अक्षराला घेऊन मेडनहेडला निघून गेली. शशिधर पलंगावर पडून गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकत होता. "ठीक केलंन तिनं," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याला हॉस्पिसमध्ये, शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेतात तिथं, हलवलं. सुप्रभा रोज फोन करायची, तनया रोज विचारायची, "तू जेवलीस का?" आणि बाबांचं नाव निघालं की म्हणायची, "आई, मला नाही जमत."

तनया गेल्यापासून एकोणिसाव्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता दिवस मोजायचे नाहीत, तास मोजायचे. सुप्रभा स्टेशनवर गेली, रेडिंगला गाडी बदलून मेडनहेडला पोचली, आणि न बोलावता आयुष्यात पहिल्यांदा लेकीच्या दारात उभी राहिली.

"तनया, मी माझ्यासाठी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागते. त्यांना माफ करू नकोस, मी तसं म्हणत नाही. नुसती येऊन बस. नाहीतर माझ्यासारखी होशील. न बोललेलं घेऊन म्हातारी होशील."

तनयानं किल्ल्या उचलल्या. गाडीपाशी सुप्रभा सवयीनं मागच्या दाराकडे गेली. अपघातानंतर ती कुठल्याच गाडीत पुढे बसली नव्हती. तनयानं पुढचं दार उघडलं आणि धरून उभी राहिली. सुप्रभा पुढे बसली. सगळा रस्ता तिनं दरवाजाची मूठ सोडली नाही.

हॉस्पिसमध्ये शशिधर बोलण्यापलीकडे गेला होता. डोळे अर्धवट उघडे होते, पण त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. तनया त्याच्याजवळ बसली. नर्सनं तिला काडीला लावलेला ओला स्पंज दिला आणि ती त्याचे कोरडे ओठ भिजवत राहिली, अडीच तास. एक शब्द बोलली नाही. पहाटेपूर्वी तो गेला. लेक आली हे त्याला कळलं का, लेकीनं मनात काय म्हटलं, सुप्रभानं कधी विचारलं नाही. आता गप्प राहण्याचा हक्क तनयाचा होता.

पोलीस-दप्तरात मात्र काही बदललं नाही. मराठीत झालेली ती कबुली कुणी लिहून घेतली नव्हती, आणि ब्रिटिश सरकारच्या लेखी ती गाडी आजही सुप्रभा रणनवरेच चालवते आहे. तो फॉर्म तिनं कधी पुरा केला नाही. रोट्यावर तिचं नाव धुण्याच्या कागदावरच राहिलं.

वर्ष गेलं. पुढच्या नोव्हेंबरात, शनिवारी दुपारी, तनया अक्षराला घेऊन आली आणि तिघी चर्चमध्ये गेल्या. मागच्या टेबलावर यादी होती, दोऱ्यानं बांधलेलं पेन होतं. तनयानं पेन उचललं आणि आईपुढे धरलं.

"तू लिही," ती म्हणाली.

सुप्रभानं पेन घेतलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा तिनं ते नाव लिहिलं, आणि अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की खालचं नाव लिहिणाऱ्या बाईला जागा पुरायची नाही. पुसायला काही नव्हतं. तिनं तसंच राहू दिलं.

"आणि बाबांचं?" तनयानं हळूच विचारलं.

सुप्रभानं पेन टेबलावर ठेवलं. "ते मी नाही लिहायची. एकदा तुझ्या वाटचं मी ठरवलं, तेवढं पुरे. तुला वाटलं तर लिही, नाहीतर राहू दे."

तनया त्या कागदाकडे बघत राहिली. मग वळून न बघताच म्हणाली, "आई, तू अक्षराला घेऊन घरी जा. मी येते मागून."

सुप्रभाला आधी ते कळलंच नाही. अक्षराला कळलं, तिनं आजीचा हात धरला. चर्चच्या फाटकाबाहेर मोठा रस्ता होता, शनिवारची रहदारी होती. सुप्रभा दिवा हिरवा झाल्यावरही थांबली, दोन्हीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"आजी, इट्स ग्रीन," अक्षरा म्हणाली. "चल ना."

तो लहानसा ऊबदार हात घट्ट धरून सुप्रभानं रस्ता ओलांडला. पलीकडे पोचल्यावर तिला तिथल्या भिंतीवर जरा बसावं लागलं. तनया तासाभरानं घरी आली, तिनं काही सांगितलं नाही आणि सुप्रभानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या उपासनेत व्हिकर जिलियन नावं वाचत होती. सुप्रभा सवयीनं खांबाआड बसली होती, पण या वेळी तिच्या एका बाजूला अक्षरा होती आणि दुसऱ्या बाजूला, सगळ्यांच्या मागून आत आलेली तनया. समरचं नाव आलं. सुप्रभानं डोळे मिटले. त्यानंतर कुणा मार्गारेटचं आलं, कुणा डेरेकचं आलं, अशी नावं येत गेली, आणि यादी संपत आली तशी सुप्रभाच्या मनातली आशाही विझत चालली... राहू दे, तिनं स्वतःला समजावलं, पोरीला जमलं नाही तर नाही.

व्हिकर थांबली. अवघड नाव होतं. तिनं ते एकदा मनात जुळवलं आणि मग सावकाश वाचलं, "श-शि-धर... रणनवरे. लॉर्ड, इन युअर मर्सी."

"हिअर अवर प्रेयर," सगळे म्हणाले.

सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकटीनं, तनया म्हणाली.